त्रेसष्ट नंबरचा स्टोव्ह

मंगळवार, ४ मार्च

चि. बाळ्यास,

ताईचे आशीर्वाद. तुला ते नको असले तरी पाठवते, परत करायची सोय नाही.

इकडे सगळं ठीक. कटिंग मशीनचं पातं काल धारेला दिलं, त्यामुळे आज दुकानात बाइंडिंग बंद आणि मला फुरसत. तुझे भाऊजी गुडघ्याला पट्टा बांधून बसलेत, आणि पट्ट्यामुळेच गुडघा दुखतो असं त्यांचं म्हणणं आहे. पट्टा काढा म्हटलं तर तेही ऐकत नाहीत. वहिनीचा चष्म्याच्या दुकानातला नवा मालक बरा आहे ना? मागचा फार किरकिरा होता.

आपल्याला दोन्ही वकिलांनी बजावून ठेवलंय की एकमेकांशी सरळ बोलायचं नाही. तुझ्या फोनवर तू माझा नंबर बंद केलायस ते वेगळंच. पण पत्राबद्दल कुणी काही बोललेलं नाही. हल्ली कुणी पत्र लिहितं हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

कोर्टात दिलेला अर्ज मी परवा पुन्हा वाचला. 'अर्जदाराच्या दिवंगत वडिलांनी जुन्या पितळी स्टोव्हची एकमेव प्रमाणभूत सूची आयुष्यभर खपून संकलित करून अर्जदाराच्या नावे केली असून प्रतिवादीने ती आपल्या संकेतस्थळावर क्रमांकांसह जशीच्या तशी उतरवली आहे.' अर्जदार म्हणजे मी, प्रतिवादी म्हणजे तू, आणि वडील तेवढे दोघांचे. वाचताना हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आपले आप्पा एवढे मोठे होते हे त्या कागदावरून कळलं. घरात आपण त्यांना 'पसारा आवरा' एवढंच म्हणत आलो.

असो. आज केसबद्दल लिहायचं नाही.

संग्राहकांची पत्रिका आली. पहिल्याच पानावर तू. फोटो छान आलाय, सुटलेलं पोट सोडलं तर. 'अखेर त्रेसष्ट सापडला.' आप्पांच्या यादीतला हा एकच नंबर आजवर कुणाच्या हाती लागला नव्हता आणि तो तुला जुन्या बाजारात भांड्यांच्या ढिगाखाली मिळाला, असं सगळं रंगवून लिहिलंय. अभिनंदन म्हणायला हवं. म्हणते.

पण खाली छापलंय की रविवारच्या प्रदर्शनात तू तो पेट्रोल भरून पेटवून दाखवणार. कशाला रे? इतका जुना स्टोव्ह. टाकीच्या जोडाला दिलेला डाग कुठे सुटला असेल, वॉशर वाळून कडक झाला असेल. शिवाय तो हॉल मी पाहिलाय, खिडक्यांना जाड पडदे आणि दार एकच. पेटीत ठेव, लोक काचेतून बघतील आणि घरी जातील. आणि तुझी पद्धत मला माहीत आहे, बोलायचं तू आणि पंप मारायचा वहिनीने. बिचारी खाली वाकून पिन मारत असते आणि तू माइक धरून आप्पांच्या गोष्टी सांगत असतोस.

मी आपलं सहज लिहिते आहे. विशेष काही नाही. मोठी बहीण आहे, एवढं सांगायचा हक्क केस चालू असतानाही असावा.

तुझी,
ताई

ता. क. पेटवायचाच असेल तर निदान वहिनीला लांब उभं कर. नको, पेटवूच नकोस.


शुक्रवार, ७ मार्च

बाळ्या,

आशीर्वाद, सगळे कुशल, वगैरे. ते समजून घे.

काल वहिनीचा फोन आला. ती काही लपवून बोलणारी नाही, तू जे म्हणालास ते जसंच्या तसं सांगितलं. ताई जळते आहे. तिला त्रेसष्ट मिळाला नाही, मला मिळाला, म्हणून डाग आणि वॉशरचा कांगावा चाललाय. झाकणाला वाफ सोडणारा व्हॉल्व्ह नाही हे वहिनीनेसुद्धा तुला दाखवलं, तर म्हणालास, सुरुवातीच्या नमुन्यांना नसायचा. आणि शेवटी म्हणालास, आप्पांनी पेट्रोल लिहिलंय ना, मग पेट्रोलच. आप्पा कधी चुकले नाहीत.

आता नीट बस आणि हे वाच.

त्रेसष्ट नंबरचा स्टोव्ह नाही. कुणाला सापडला नाही असं नव्हे, तो नाहीच. कुठल्या कारखान्यात तो बनला नाही. तो आप्पांनी आणि मी दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून बनवला, कागदावर.

तू तेव्हा नोकरीसाठी बाहेरगावी होतास. आपल्या यादीची पहिली आवृत्ती एका दुकानदाराने पानंच्या पानं उचलून स्वतःच्या नावावर विकली होती, ते तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. आप्पा तेव्हाच्या वकिलाकडे गेले, मी बरोबर होते. वकील म्हणाले, स्टोव्ह किती उंच आहे, कोणत्या साली निघाला, बर्नर कसला, ही खरी माहिती आहे आणि खऱ्या माहितीवर कुणाची मालकी नसते. तुम्ही ती कशी निवडली, कशी लावली, यावर थोडाफार हक्क सांगता येईल. पण समोरचा म्हणेल, मीही सगळे स्टोव्ह हातात घेऊन बघितले आणि मलाही तेच दिसलं. त्याने बघितलं नाही, तुमचं उतरवलं, हे दाखवू शकाल का? मैलोन्‌मैल हिंडून, लोकांच्या अडगळीत डोकं घालून जमवलेलं सगळं, आणि त्या कष्टाची कायद्यात किंमत नाही असं तो माणूस चहा पीत सांगत होता. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, 'ठीक आहे. मग खरी नसलेली एक ओळ घालू. ती कुणाला कशी दिसेल बघतो.'

बासष्ट आणि चौसष्टच्या मधला एक नंबर रिकामा होता, कारण दोन नमुने एकच निघाले होते. तिथे ती ओळ बसवली. खूण म्हणून तळाला त्रिकोणात घंटा, कारण तसली खूण कोणत्याच कारखान्याची नव्हती. आणि इंधन पेट्रोल, कारण ज्या कंपनीच्या नावाखाली ती ओळ घातली तिने पेट्रोलचा स्टोव्ह कधी काढलाच नाही. म्हणजे कुणीही स्वतः शोध घेऊन हे लिहूच शकणार नाही, ज्याच्या यादीत हे दिसेल त्याने आपलंच उचललंय. मी म्हटलं होतं, आप्पा, पेट्रोल नको, रॉकेलच लिहा. ते हसले आणि म्हणाले, 'अगं, नसलेल्या स्टोव्हात पेट्रोल कोण ओतणार?' मला ते पटलं. अजूनही त्यात चूक काय ते मला बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि तरी आज हे पत्र लिहावं लागतंय.

तुला सांगायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि संग्राहकांच्या बैठकीत तू ती गंमत म्हणून सांगून टाकशील, असं त्यांना वाटलं. तुला राग येईल. येऊ दे, पण नंतर.

तुझ्या हातात जो आहे तो आपल्या यादीतला साधा एक्केचाळीस आहे, फोटोतही ओळखू येतो. जुन्या काळी विकणारे दुकानदारही आपला शिक्का तळाला ठोकायचे, तो त्रिकोण त्यातलाच. आतलं चित्र झिजून गेलंय. घंटा आहे असं डोक्यात धरून बघितलं की घंटा दिसते. मला दाखवला असतास तर मी म्हटलं असतं, कांदा आहे. विश्वास नसेल तर तुझ्याकडच्या एक्केचाळीसचा बर्नर काढ आणि याच्यावर फिरवून बघ. आटा मुकाट्याने बसेल. याला दहा मिनिटं लागत नाहीत आणि यात माझी काही चाल असू शकत नाही.

आणि एक्केचाळीस हा रॉकेलचा स्टोव्ह आहे. त्यात पेट्रोल भरून पंप मारला तर काय होतं हे तुला मी सांगायची गरज नाही, पण सांगते, कारण तू सध्या शहाण्यासारखा वागत नाहीस. वर बर्नर तापतो, त्याने खालची टाकी तापते, पेट्रोलची वाफ फुगत जाते आणि झाकणातून तिला बाहेर पडायला वाट नाही. पत्रिकेत आतल्या पानावर तुझ्या मागच्या प्रदर्शनाचा फोटो आहे, तो बघ. वहिनीचं तोंड बर्नरपासून वीतभर आहे. केस मोकळे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. पत्रिका आली त्या दिवशी तुझा फोटो बघून मी काय केलं माहीत आहे? चहा टाकला, भाऊजींना हाक मारली आणि म्हटलं, सापडला. मला आनंद झाला, बाळ्या. खोटं कशाला बोलू. दीड वर्ष तू कोर्टात सांगतो आहेस की तुझी यादी तू स्वतः एकेक स्टोव्ह पारखून केलीस, आणि हा बघा, त्रेसष्ट हातात घेऊन उभा. मी तशीच वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, 'मासा गळाला लागलाय. येत्या तारखेला तो शपथेवर लिहून देईल की त्रेसष्टची नोंद मी स्वतः केली. मग आपण बोलू. तोवर तुम्ही ब्रसुद्धा काढायचा नाही.' मी विचारलं, रविवारी पेटवला तर? त्या म्हणाल्या, 'पेटवू द्या की, त्यांना सवय आहे.' त्यांना स्टोव्हमधलं काही कळत नाही, त्यांच्या घरी विजेची शेगडी आहे. मला कळतं. तरी मी मान डोलावली आणि घरी आले.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. तेव्हापासून ही भीती मानगुटीवर बसली आहे. दुकानात कुणी टेबलावर रजिस्टर आपटलं तरी माझा जीव उडतो. भाऊजी विचारतात काय झालं, त्यांना सांगते ॲसिडिटी. मंगळवारच्या पत्रात वॉशर आणि पडदे लिहीत बसले, कारण मला तुला वाचवायचंही होतं आणि केसही घालवायची नव्हती. दोन्ही हवं होतं मला. लबाड पत्र होतं ते.

हे पत्र मी कुरिअरने पाठवत नाही. दुपारी चष्म्याच्या दुकानात जाऊन वहिनीच्या हातात देणार आहे, आणि ते तिने माझ्यासमोर आधी वाचायचं आहे. वहिनी, वाचलंस ना इथपर्यंत? तू त्या स्टोव्हाला हात लावायचा नाहीस. नवरा फुगून बसला तर बसू दे, चार दिवसांनी उतरेल.

बाळ्या, हे पत्र तुझ्या वकिलाला दाखवायचं असेल तर दाखव. सगळं माझ्या हस्ताक्षरात आहे, मी नाही म्हणणार नाही. रविवारी मी हॉलमध्ये मागे येऊन बसेन. मला आल्याशिवाय राहवणार नाही.

भेदरलेली,
ताई


बुधवार, १२ मार्च

बाळ्या,

आशीर्वाद मनापासून. तुम्ही दोघं धडधाकट आहात, एवढ्या एका गोष्टीसाठी मी रविवारपासून येताजाता हात जोडते आहे.

मी आले होते हे तू पाहिलंस. नजर चुकवलीस, पण पाहिलंस. डावीकडे शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची मी मुद्दाम धरली होती, काही झालं तर पडदे आधी खाली ओढायचे असं ठरवून. वहिनीने कॅन उचलला तेव्हा मी खुर्चीच्या कडेला सरकले. मग तिने झाकण उघडलं आणि रॉकेलचा वास आला. इतका घाणेरडा वास, पण मला तेव्हा रडूच फुटायचं राहिलं होतं. वहिनीने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. तिचे केस तिने घट्ट बांधले होते.

स्टोव्ह सुरेख पेटला. निळी, एकसारखी ज्योत. एक्केचाळीस पेटतोच तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तू माइकवर म्हणालास, 'हा आपला त्रेसष्ट.'

मला वाटलं होतं, तू पत्र वाचलंयस म्हणजे तू आता ते नाव घेणार नाहीस. एक्केचाळीस म्हणायला जीभ वळत नसेल तर नुसतं 'हा जुना स्टोव्ह' म्हणशील. नाही म्हटलंस. मग पुढच्या रांगेतली चष्मा लावलेली एक बाई उठली. ती म्हणाली, 'यादीत तर पेट्रोल लिहिलंय, तुम्ही रॉकेल भरलंत.' आणि तू हसून म्हणालास, 'याला दोन्ही चालतं.'

बाळ्या, मी उभी राहिले. तुला दिसलं का माहीत नाही. उभी राहिले, तोंड उघडलं आणि डोक्यात आलं की आत्ता इथे सगळ्यांसमोर बोलले तर केस संपली. शुक्रवारी तुला पत्रात लिहिताना फार शूर झाले होते, कारण ते घरातल्या घरात होतं. पन्नास माणसांसमोर आप्पांनी खोटी ओळ लिहिली असं म्हणायचं, त्यांच्या यादीवर विश्वास ठेवून स्टोव्ह जमवलेल्या लोकांसमोर. मी पुन्हा खाली बसले. तू खोटं बोललास आणि मी ते ऐकून घेतलं. आपण दोघं सारखेच, उगाच कोर्टात समोरासमोर उभे आहोत.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी वळून मला विचारलं, 'काय म्हणाले ते, पेट्रोलही चालतं?' आणि माझ्या उत्तराची वाट न बघता खूष होऊन सांगायला लागले. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता दुकान मुलाने बंद केलं. घरी बायकोच्या माहेरचा स्टोव्ह आहे, तळाला हाच त्रिकोण. तुझी यादी ते रोज सकाळी उघडून बघतात, नातवाने शिकवलंय. त्यांनाही वाटायचं की आपला त्रेसष्ट असावा, पण आपल्याकडे असं काही असेल यावर विश्वास बसत नव्हता. आता खात्री झाली. हल्ली रॉकेल मिळत नाही, पेट्रोल पंपावर सहज मिळतं, म्हणाले. 'हिला एकदा पेटवून दाखवतो. तिच्या आईचा स्टोव्ह आहे, तिला बरं वाटेल.'

मी म्हटलं, नका पेटवू. ते म्हणाले, 'का हो?' मी म्हटलं, जुना असतो, डाग सुटतो. पुन्हा तेच, डाग आणि वॉशर. तेवढ्यात कुणीतरी मला खुर्ची सरकवायला सांगितलं, लोक बाहेर पडायला लागले, आणि मी धीर गोळा करून वळले तर ते नव्हते. दारात गेले, जिन्यात गेले, खाली रस्त्यावर जाऊन दोन्ही बाजूंना बघितलं. राखाडी स्वेटर आणि हातात कापडी पिशवी, इतकंच मला माहीत आहे. नाव विचारलं नव्हतं. कुठे राहतात तेही नाही.

सोमवारपासून मी घड्याळांची दुकानं धुंडाळते आहे. असे असे एक गृहस्थ, दुकान बंद केलंय, मुलगा आहे, नातू आहे. लोक माझ्याकडे बघतात, ही बाई कुणाला शोधते आहे. एकाने विचारलं, उधारी बुडवली का? प्रदर्शनवाल्यांकडे गेले, ते म्हणाले, आम्ही येणाऱ्यांची नावं लिहून घेत नाही. पत्रिकेला पत्र पाठवलंय, त्यात सगळं लिहिलंय, आप्पांचं नाव घालून, पण पुढचा अंक निघायला अवकाश आहे. आपली छापील यादी ते घेत नसणार, नाहीतर माझ्याकडे पत्ता असता. त्यांच्यापर्यंत पोचायची एकच वाट आहे, रोज सकाळी ते जे पान उघडतात ते. तुझं पान. आणि तिथे मला काही लिहायची मुभा नाही, तू ती बंद केली आहेस.

आणि ते एकच असतील असं कशावरून? त्रिकोणाचा शिक्का ठोकणाऱ्या त्या जुन्या दुकानदाराने जितके स्टोव्ह विकले तितके त्रिकोण कुणाकुणाच्या माळ्यावर पडले आहेत. आता तुझ्या फोटोबरोबर सगळे त्रेसष्ट झाले.

काल वहिनी दुकानात आली होती. तिने तुला ती ओळ काढायला सांगितलं. तू म्हणालास, 'आत्ता काढली तर मीच कबूल केलं की ती ताईच्या यादीतून आली. तारीख होईपर्यंत हात लावता येत नाही, वकिलाने सांगितलंय.' ती सांगताना रडत होती. मी तुला नावं ठेवायला निघाले होते, पण कोणत्या तोंडाने? माझ्या वकीलबाईंनीही मला हेच सांगितलं होतं आणि मीही मान डोलावली होती.

तू नेहमी म्हणतोस, खरी माहिती कुणा एकाची नसते, आप्पांची यादी सगळ्यांची. असेल बाबा. मी आता भांडत नाही. त्या यादीतल्या बाकीच्या सगळ्या ओळी घे, लोकांना फुकट वाट, तुझे फोटो लाव, खाली तुझं नाव घाल. खऱ्या गोष्टी आहेत, त्या बघायला डोळे असलेल्या कुणाच्याही. पण त्रेसष्ट तशी नाही. सगळ्या यादीत ही एकच ओळ अशी आहे की ती आपल्याच घरची, दुसऱ्या कुणाला सांगताही येणार नाही. आप्पांनी रचली, मी लिहिली, तू पसरवलीस. उद्या त्या गृहस्थांच्या घरात काही झालं तर कायदा काय म्हणेल मला माहीत नाही. ते कुणाचं असेल हे मात्र मला माहीत आहे.

म्हणून आज सकाळी मी वकीलबाईंकडे गेले आणि केस मागे घेतली. त्या खूप बोलल्या. इतकी भक्कम केस कुणी अशी टाकून देतं का, वडिलांचा तरी विचार करा. मी म्हटलं, त्यांचाच करते आहे. सही केलेल्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे, त्यावर त्यांचा शिक्का आहे. शिवाय वेगळ्या कागदावर मी लिहून दिलंय की तुझ्या यादीबद्दल मी किंवा माझं कुणीही पुन्हा कधी दावा करणार नाही. दोन्ही तुझ्या वकिलाला दाखव. आता ती ओळ काढल्याने तुझं काहीही बिघडत नाही. कबूल केलं असंही कुणी म्हणणार नाही, कारण विचारणारंच कुणी उरलं नाही.

नुसती काढू नकोस. काढली तर ज्यांनी आधी वाचलीय त्यांना कळणार नाही. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिही: त्रेसष्ट नंबरचा स्टोव्ह अस्तित्वात नाही. तळाला त्रिकोण असलेल्या स्टोव्हात पेट्रोल घालू नका. कुणाची चूक ते लिहायचं असेल तर माझी लिही, आप्पांची लिही, तुला योग्य वाटेल त्याची. मला त्याचं काही नाही.

रागवायचं असेल तर नंतर ये, दुकानात ये, वाटेल तितकं बोल, मी ऐकून घेईन. आधी हे कर.

हे पत्र घेऊन जायला कुरिअरवाला दारात उभा आहे आणि पाकीट चिकटवायच्या आधी मी पुन्हा तुझं पान उघडून बघितलं. त्रेसष्ट अजून तिथेच आहे, आणि खाली लिहिलंय की आज सकाळपासून एकशे बारा जणांनी बघितला.

ताई